क्षेत्रकार्यासाठी उपयुक्त

समाजकार्य महाविद्यालयात प्रवेशाच्या मुलाखतीच्या खोलीत मी पाऊल टाकलं आणि सर म्हणाले, "काय रे, पाणी आलं नाही का आज?"

माझ्या हातात फाइल होती. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. बाहेर लावलेल्या यादीत माझं नाव सतरावं होतं आणि शिपायाने ते मोठ्याने पुकारलं होतं. तरी सरांना वाटलं, मी टाकीच्या कामाला आलोय. टाकी मागच्या बाजूला आहे, जिन्याकडून जा, असंही त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "सर, मी मुलाखतीला आलोय."

टेबलामागे तिघं होते. बाहेरगावच्या विद्यापीठातून आलेल्या मॅडमनी यादीवर बोट ठेवून माझं नाव शोधलं. सर हसले आणि मॅडमना म्हणाले, "हा आपल्या फील्डचा माणूस." उमेदवाराच्या खुर्चीवर लॅपटॉपची बॅग ठेवलेली होती. ती कोणी उचलली नाही. मी नऊ मिनिटं उभा होतो. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून आकडा सांगता येतो.

माझं वय सत्तेचाळीस. सर इथले प्राध्यापक, माझ्यापेक्षा लहान. मी शहराच्या पाणीपुरवठ्यावर ठेकेदाराकडे वॉलमन आहे. लोखंडी चावीने रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवायचा, सावेडीच्या एका भागाला पाणी सोडायचं, वेळ लिहायची, बंद करायचं. अठरा वर्षं हेच. बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं. तीन वर्षांचं सहा वर्षांत. इंग्रजी दोनदा राहिलं. लपवत नाही.

आजोबा ख्रिस्ती झाले. त्यामुळे कागदावर आम्हाला अनुसूचित जातीची जागा मिळत नाही, दुसऱ्या गटात धरतात. वस्तीबाहेर मात्र आमची जात कोणी विसरलेलं नाही.

आमची वस्ती या समाजकार्य महाविद्यालयाने दत्तक घेतलेली आहे. तोंडाशी तसा फलक आहे. दर गुरुवारी आणि शुक्रवारी मुलं-मुली स्कूटरवरून येतात. याला क्षेत्रकार्य म्हणतात. घरात माणसं किती, शिकलेली किती, संडास आहे का, दारू कोण पितं. माझ्या घराने ही उत्तरं चौदा वेळा दिली आहेत. दरवर्षी मुलं नवी, प्रश्न तेच. शेजारचे दावीद बाबा म्हणायचे, "दत्तक घेतलंय म्हनं. घरी तर कोन न्हेत न्हाई."

मुलांना वस्तीतून फिरवायचं काम माझं. तसं कोणी नेमलं नव्हतं. मला प्रत्येक घर माहीत, म्हणून सर मला बोलवायचे. मी एक वहीही ठेवली होती. घर, कर्त्या माणसाचं नाव, माणसं, नळ आहे की नाही. दर दिवाळीत पुन्हा मोजायचो. सर पीएच.डी. करत होते तेव्हा ती वही महिनाभर त्यांच्याकडे होती. परत आली तेव्हा तिच्या कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

मुलांच्या पाहणीवरून केलेल्या त्यांच्या अहवालात घरं आली एकशे बारा. माझ्या वहीत एकशे एकतीस. फरक एकोणीस. नाल्यापलीकडची रांग. तिकडे जायला एक फळी टाकलेली आहे आणि खाली डुकरं असतात. मुलं फळीवरून गेलीच नव्हती. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता छापून झालं. पुढे त्या अहवालावरून सार्वजनिक नळ मंजूर झाले, एकशे बारा घरांच्या हिशेबाने. नाल्यापलीकडे एकही नाही. तिथल्या बायका अजून फळीवरून हंडे नेतात. मी वॉलमन. शहराला पाणी सोडतो आणि ते बघतो.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. मी मोजलं तर ती वही होते. त्यांनी मोजलं तर तो अहवाल होतो. मधे फक्त पदवी आहे. म्हणून मला एम.एस.डब्ल्यू.ची जागा हवी होती. नोकरीसाठी नाही. माझ्या आकड्याखाली चालेल अशी सही मला करायची होती.

लेखी परीक्षेत शंभरपैकी एकाहत्तर मिळाले. आता फक्त मुलाखत, पन्नास गुणांची.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं. सर म्हणाले, इंग्रजीत सांग. मी म्हणालो, माहितीपुस्तिकेच्या पान नऊवर मराठी चालेल असं लिहिलंय. तिसरे गृहस्थ, जे तोवर मोबाइलमध्ये बघत होते, त्यांनी मान वर केली. मॅडमनी मग मराठीत विचारलं, समाजकार्य कशासाठी शिकायचंय? मी एकोणीस घरांचं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला सरांनी हात वर केला.

"समाजकार्य तुमच्यासाठी असतं रे. तू शिकून कोणासाठी करणार?"

तिघंही हसले. मॅडम थोडं कमी हसल्या. मग सर समजावणीच्या सुरात म्हणाले की वय बघ, काम बघ, आणि निरंतर शिक्षण विभागात जा. तिथे सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. नळजोडणीचा.

मी तिथून निघालो. पण घरी गेलो नाही. एम.ए. मराठीचाही अर्ज भरला होता, एक तरी लागेल म्हणून. त्याच संस्थेचा भाषा विभाग वरच्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. आमच्या वस्तीतले जुने शब्द त्यांना हवे होते. आईला घेऊन या, आम्ही रेकॉर्ड करू, म्हणाल्या. मी सांगितलं, आई जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "मग वस्तीत दुसरं कोणी म्हातारं आहे का?"

माझा अर्ज टेबलावरच राहिला. त्याविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

यादी लागली. समाजकार्याला आमच्या गटाचा शेवटचा प्रवेश चौऱ्याऐंशीवर थांबला. माझी बेरीज सत्त्याहत्तर. म्हणजे मुलाखतीत सहा. तेरा असते तर बरोबरीत, चौदा असते तर आत. मराठीच्या यादीत नाव नव्हतं. निरंतर शिक्षण विभागाचा मात्र फोन आला, नळजोडणीला जागा शिल्लक आहेत म्हणून.

पुढच्याच महिन्यात एका गुरुवारी सर नवी तुकडी घेऊन वस्तीत आले. बारा जण. मी दारात दाढी करत होतो. सरांना काही आठवत होतं असं वाटलं नाही. "चल, यांना फिरवून आण. आणि वही घे."

मी तोंड पुसलं. म्हणालो, "फिरवणार नाही."

"का रे? रुसलास का?"

"आधी अहो म्हणा. मग का ते सांगतो."

मुलं खाली बघायला लागली. एकाने वही मिटली. सरांचा चेहरा बदलला, पण आवाज चढला नाही. ते म्हणाले की तू नाही तर दुसरा कोणी येईल. आणि आलाच. पलीकडच्या गल्लीतला पोरगेला माणूस, मुलांबरोबर फोटो निघतो म्हणून खूश. त्याने त्यांना फिरवलं. नाल्यापलीकडे तोही गेला नाही. यंदाही घरं एकशे बाराच भरतील.

दोन आठवड्यांनी ठेकेदाराने मला दुसऱ्या टाकीवर टाकलं. आता दहा किलोमीटर लांब जातो. कारण सांगितलं नाही. माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळे त्यांच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. बायको म्हणाली, "लई शानपना केला. काय मिळालं? अहो म्हनले का ते?"

नाही म्हणाले.

मी माहितीच्या अधिकारात माझ्या मुलाखतीची गुणपत्रिका मागितली. पहिला अर्ज परत आला. अपील केलं तेव्हा मिळाली. पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण. विषयज्ञान एक. संवाद एक. व्यक्तिमत्त्व एक. प्रेरणा एक. समाजकार्याची योग्यता दोन. शेवटी शेरा: क्षेत्रकार्यासाठी उपयुक्त. खाली तीन सह्या.

तो कागद मी बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, म्हंजी चांगलं लिवलंय का वाईट? मला सांगता येईना. रात्रभर सांगता आलं नाही. सकाळी सांगितलं, आपण त्यांची जमीन आहोत असं लिहिलंय. जमिनीला कोणी वर्गात बसवत नाही.

मला तिथे प्रवेश मिळेल असं आता वाटत नाही. यंदा नाही, पुढेही नाही. वहीतली एकोणीस घरं माझ्या हयातीत अहवालात येतील, असंही वाटत नाही. तरी पुढच्या वर्षी मी फॉर्म भरणार आहे. प्रवेशाला वयाची अट नाही. लेखीत एकाहत्तरच्या वर आणीन, म्हणजे त्यांना मला बोलवावंच लागेल. मॅडम बदलतील, सर तेच असतील. तोवर माझ्या घरातलं एकही नाव, एकही वय त्यांच्या वहीत जाणार नाही.

आणि मला नाकारायचं असेल तर त्यांनी पाचही रकाने भरावेत, शेरा लिहावा, खाली सही करावी. दर वर्षी.