सात हिरवे श्वास

आयसीयूत पहिल्या दिवशी मी बुटांवर चढवायचं प्लॅस्टिकचं कव्हर डोक्याला घातलं. सिस्टर हसल्या नाहीत – "काका, ते पायात" एवढंच म्हणाल्या. असा माणूस काही सांगतो म्हटल्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं म्हणण्याचा मला पगार मिळायचा.

गोष्ट दोन हजार चार-पाचची. माझा थोरला भाऊ, दादा, न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होता. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण? भर उन्हात वाघोलीहून दोन बस बदलून तो माझ्याकडे पेठेत आला आणि दुपारी दोनला बेल वाजवली. मी झोपेतून उठून दार अर्धंच उघडलं आणि पाटीवर बोट ठेवलं – 'एक ते चार बेल वाजवू नये'. विनोद केला होता हो मी... तो तसाच जिना उतरून गेला.

मशीन नव्या पद्धतीचं होतं. पेशंटनं स्वतः श्वास ओढला की ते ओळखून साथ द्यायचं. स्क्रीनवर तो श्वास हिरवा दिसायचा. मशीननं दिलेला पिवळा. दादाचे सगळे पिवळे. स्नायू सैल करणारं औषध चालू होतं, हिरवा येणं शक्यच नव्हतं.

चार दिवस मी शेजारी बसून त्याला क्रिकेटचा स्कोअर सांगितला. माफी मागायची होती, पण सिस्टरांसमोर... लाज वाटली. चौथ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये हेल्मेट घातलं आणि आतल्या आत तोंडातून निघून गेलं – "दादा, चुकलं रे माझं. घरी ये." घड्याळात पाच वीस. साडेपाचला क्लायंटचा कॉल होता. परत वर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला.

त्याच सिस्टर म्हणाल्या, "काका, काल तुम्ही गेल्यावर, पाच वीसला, सलग सात श्वास हिरवे आले. डॉक्टरांनी औषधाचा पंप बघितला, नळीत पाणी साचलं की मशीन फसतं, म्हणून तेही बघितलं. सगळं ठीक होतं." त्यांना कारण सापडलं नाही. मलाही आजतागायत नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. 

"ऐकलं असेल दादांनी," ती म्हणाली. "पण अहो, पार्किंगमधून का? चार दिवस उशाशी बसला होतात की त्यांच्या."