आई समुद्रावर येईल का?

यंदाच्या उन्हाळ्यात आठवडाभर काहीही करायचं नाही, नुसतं समुद्रावर पडून राहायचं, अशी घोषणा माझ्या नवऱ्यानं केली आणि त्याच संध्याकाळी ‘आराम’ नावाची एक्सेल शीट उघडली. आइंडहोवनमध्ये चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. कोणत्या दिवशी भरती कधी, धाकटीची दुपारची झोप कुठे बसवायची, थोरल्याला पाण्यात किती वेळ सोडायचं, पोहे-रवा-गोडा मसाला किती न्यायचा, सगळं रंगीत रकान्यांत. झेलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांमागे त्यानं एक लहानसं घरही बघून ठेवलं होतं. शेजारची डच बाई कुंपणापलीकडून हे ऐकून हसली. म्हणाली, “फावडं घ्या, ब्रेड आणि चीज घ्या. आणखी काय लागतं?” तिला काय सांगणार? आम्हाला आराम करायलाही तयारी लागते.

एक रकाना मात्र त्यानं रिकामा सोडला होता. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘आई’.

आई म्हणजे माझी आई. सांगलीहून उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली होती. तिला समुद्रावर चल म्हणायची छाती त्याची नव्हती आणि माझी तर नव्हतीच.

मी नऊ वर्षांची असताना माझा दादा समुद्रात गेला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं कोकणात देवदर्शनाला गेलो होतो, आणि देवळामागेच किनारा होता. दादा चौदाचा, विहिरीत पोहायला शिकलेला, चांगल्या दमाचा. गुडघाभर पाण्यात उड्या मारता मारता तो लांब कधी गेला ते कळलंच नाही. बाबा होडीवाल्यांना बोलवायला धावले. आई काठावर उभी राहून हाका मारत होती, “परत ये! परत फीर!” तो आमच्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं हात मारत होता. येत होता आणि येत नव्हता. होडी पोचली तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर आमच्या घरात समुद्राचं नाव कुणी काढलं नाही. बाबा गेले तेही त्याबद्दल एक शब्द न बोलता. मी लग्न करून आले ती नेमकी या देशात, जो समुद्राच्या उशाशीच झोपलेला आहे. पण आमच्या सगळ्या सुट्ट्या जंगलातल्या. लोक विचारायचे, एवढी वर्षं राहताय आणि एकदाही बीचवर गेला नाहीत? मी म्हणायची, मला वाळूचा त्रास होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हापासून बदलली होती, पण तिचा संबंध मी कधी लावला नव्हता. आई कुणाला हाक मारत नाही. आम्ही अंगणात खेळत असलो तर इतर मुलांच्या आया दारातून ओरडायच्या, माझी आई चालत यायची आणि खांद्यावर हात ठेवून सांगायची, जेवायला चल. इथेही तेच. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्या, तिचे गुडघे दुखतात, तरी नातवाला बोलवायला ती कठडा धरून दोन मजले चढून जायची. मी करवादायची, “अगं, खालून एक हाक मार की!” ती म्हणायची, “असू दे. तेवढाच व्यायाम.” मला वाटायचं, स्वभाव आहे तिचा.

समुद्राचं खूळ आलं ते थोरल्याच्या पोहण्यातून. जिकडेतिकडे कालवे असलेल्या या देशात पोरं पोहायला शिकतातच, आणि डिप्लोमाच्या परीक्षेत त्यांना कपड्या-बुटांसकट पाण्यात उतरावं लागतं. का, तर माणूस पाण्यात पडतो तो पोहायचे कपडे घालून पडत नाही. आमचा सात वर्षांचा मुलगा फुल पॅन्ट आणि बुटांसकट बुडी मारून वर आला, तेव्हा मी काचेपलीकडे छातीवर हात दाबून उभी होते. तो बाहेर आला, आणि नवऱ्यानं त्याला उचलून जाहीर करून टाकलं, आता आपण खऱ्या समुद्रावर जाणार. मला विचारलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पण पोराला शब्द दिला होता. मग मी आईला सांगितलं, गावाबाहेर एक घर घेतोय आठवडाभर, बरं का. एवढंच. ती टेबलाशी मेथी निवडत होती. “छान,” म्हणाली, “हवापालट होईल पोरांना.” तेवढ्यात थोरला बादली डोक्यावर घालून आला आणि ओरडला, “बीच, आजी! बीच!”

आईचा हात थांबला नाही. ती पानं खुडत राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, “तुम्ही जा. मी घर सांभाळते.”

मला तिचा तो आठवडा डोळ्यांसमोर दिसला. नातवंडं समुद्रात, आणि ही इथे खिडकीपाशी, फोन मांडीवर घेऊन. मी नवऱ्याला म्हटलं, रद्द कर. तो म्हणाला, “आईंना विचारू तरी नीट.” मी म्हटलं, “काय विचारणार आहेस? तिचा मुलगा गेलाय तिथे.” त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “आणि आपल्या मुलांनी कधीच जायचं नाही?” मी आणखी चिडले.

शीट तशीच पडून राहिली. नवऱ्यानं घराचे पैसे भरले नाहीत आणि रद्दही केलं नाही.

मग एक दिवस जेवताना थोरला पोहण्याच्या क्लासमधलं काही सांगू लागला. आमची मुलं मराठी समजतात, पण बोलताना डचमध्येच घसरतात, त्यामुळे आईला निम्मं कळायचं नाही. सुट्ट्या लागणार म्हणून मास्तरीणबाईंनी सगळ्यांना समुद्राचे धडे दिले होते. तो म्हणाला, किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचे बांध असतात आणि त्यांच्यामध्ये फट असते. तिला मुइ म्हणतात. लाटांनी आत आलेलं पाणी त्या फटीतून जोरात परत जातं आणि माणसाला ओढून नेतं. सांगून भागलं नाही म्हणून त्यानं ताटात भाताचे दोन बांध घातले, मध्ये फट ठेवली आणि अलीकडे वरण ओतलं. वरण फटीतून पलीकडे वाहिलं. त्यानं त्यात मटारचा एक दाणा सोडला. दाणा वरणाबरोबर निघाला.

“आणि ही चूक सगळे करतात,” तो डचमध्ये म्हणाला. “सगळे सरळ किनाऱ्याकडे पोहतात. पाण्याच्या उलट. मग दमतात. उलट पोहायचंच नाही. पाणी नेईल तिकडे जायचं, पाठीवर तरंगायचं. पुढे गेलं की ते सोडून देतं. मग बाजूला जायचं आणि दुसरीकडून बाहेर यायचं.”

माझा घास हातात राहिला.

“काय म्हणतोय गं?” आईनं विचारलं.

“काही नाही. समुद्रात लांब जायचं नाही म्हणतोय,” मी म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. पण आई माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आहे, आकृती मांडली की तिला भाषा लागत नाही. तिनं ताट आपल्याकडे ओढलं आणि बोटानं दाणा पुन्हा फटीपाशी आणून ठेवला.

“बॉय,” ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “बॉय हिअर. होम हिअर.” तिनं ताटाचा अलीकडचा काठ दाखवला. “ही कम स्ट्रेट?”

“नो, आजी!” तो उत्साहानं तिच्या खुर्चीवर चढला आणि आता तिच्यासाठी सावकाश इंग्रजीत सांगू लागला. स्ट्रेट नाही, स्ट्रेट गेलं की टायर्ड. त्यानं दाणा बाहेर नेला, आडवा सरकवला, बांधाच्या पलीकडच्या टोकानं काठावर आणला. “लाइक धिस.”

“अँड मदर?” आईनं विचारलं. “मदर व्हॉट डू?”

त्यानं थोडा विचार केला. मग धड्यात सांगितल्याप्रमाणे म्हणाला, आईनं पाण्यात उडी मारायची नाही. मदतीसाठी फोन करायचा. मुलावरची नजर काढायची नाही. हात उंच करून तो कुठे आहे ते दाखवत राहायचं, आणि तो सरकेल तसं काठावरून त्याच्याबरोबर चालायचं.

“नॉट शाउट?”

“व्हॉट?”

“कम बॅक. नॉट शाउट कम बॅक?”

“नो,” तो म्हणाला. “बिकॉज ही वुइल ट्राय.”

आईनं मान हलवली. ताट त्याच्यापुढे सरकवलं, “जेव आता,” म्हणाली, आणि आपलं ताट घेऊन सिंककडे गेली. तिच्या ताटातला भात तसाच होता. माझं भाषांतर कुणाच्याच कामी आलं नाही. मला त्या पोराला उचलून कुठेतरी ठेवून यावंसं वाटलं, आणि त्याचा काहीच दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आई चिमटे देत होती. दोन टॉवेल झाले आणि ती बोलली.

“तो माझ्याकडेच यायला बघत होता.”

एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दलचं तिचं हे पहिलं वाक्य. मी टॉवेल धरून उभी राहिले.

“चांगला पोहणारा होता,” ती म्हणाली. “नुसता पडून राहिला असता पाण्यावर, तर होडी पोचली असती. मी हाका मारत राहिले, आणि त्यानं कधी माझं ऐकलं नाही असं झालं नव्हतं.”

“आई, कुणाला माहीत होतं हे? त्या किनाऱ्यावर एका माणसाला तरी माहीत होतं का?”

“नव्हतं. ते खरं आहे.” तिनं पुढचा चिमटा माझ्या हातात दिला. “पण हाक माझीच होती ना.”

मला रडू फुटलं. ती रडली नाही. ती म्हणाली, तिला हे शब्दांत माहीत नव्हतं, पण त्या दिवसापासून कुणाला मोठ्यानं बोलवायला गेलं की गळाच धरायचा. मग मला ते जिने आठवले, तिचे गुडघे आठवले, आणि ‘एक हाक मार की’ म्हणून करवादणारी मी आठवले.

कपडे संपले तेव्हा तिनं विचारलं, “त्या घरात खाली झोपायची खोली आहे का? मला वर चढायला जमणार नाही.”

नवऱ्यानं त्या संध्याकाळी पैसे भरले आणि ‘आई’ या रकान्यात लिहिलं, तळमजला.

पहिल्या दिवशी ती टेकडीवरच्या बाकापर्यंत आली आणि समुद्राकडे तिरकी बसून राहिली. तिथून आम्ही तिला दिसत होतो. दुसऱ्या दिवशी जावयाचं जाकीट आणि पायमोजे घालून वाळूत उतरली. या किनाऱ्यांवर लहान मुलं हरवू नयेत म्हणून अंतराअंतरावर चित्रांचे खांब असतात. आमचा खांब हत्तीचा होता. त्याच्याखाली तिनं चादर अंथरली, चिवड्याचा डबा मांडला आणि धाकटीला वाळूचे लाडू वळून देऊ लागली. ती समुद्राकडे बघत होती. तिचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा आवळलेला होता.

थोरला आणि नवरा कमरेएवढ्या पाण्यात लाटा झेलत होते. पिवळ्या शर्टातले जीवरक्षक मागे त्यांच्या खोपटात होते, सगळं शीटमधल्याप्रमाणे होतं. पण इथला समुद्र माणसाला हळूहळू आडवा सरकवतो, ते पाण्यातल्याला कळत नाही. ते दोघं हत्तीसमोरून केव्हाच हलले होते. मग एक मोठी लाट आली, मुलाचं डोकं दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं, आणि मी उभी राहून घसा फाडून ओरडले, “परत ये! परत फीर!”

तेच शब्द. माझ्या तोंडून तेच शब्द आले.

आईनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. “हाक मारू नकोस,” ती म्हणाली. “येऊ दे त्याला.”

आणि ती उठली. एक हात उंच केला, सरळ त्याच्याकडे, आणि पाण्याच्या काठाकाठानं चालू लागली. तो सरकत होता तशी ती चालत होती, पायमोजे भिजले तरी खाली न बघता. एकदा त्यानं तिला पाहिलं आणि मजेत हात हलवला. तिनं हात तसाच ठेवला. पुढच्या खांबापाशी, जिराफापाशी, तो नवऱ्याचा हात धरून खिदळत बाहेर आला. त्याला काहीही झालं नव्हतं. त्याला वाटलं आजी फिरायला आली आहे. तिनं त्याला कुशीत ओढलं, ओल्याचा ओला, आणि बराच वेळ सोडलं नाही.

मी हत्तीखालीच उभी होते, धाकटीला कडेवर घेऊन. वारा समुद्राकडून होता, आणि त्या वाऱ्यातून एक आवाज आला. जाडाभरडा, न वापरलेला, मोठा आवाज. मी नऊ वर्षांची असताना तो शेवटचा ऐकला होता.

“अगं एऽऽ,” आई मला हाक मारत होती. “टॉवेल घेऊन येऽऽ!”

मी टॉवेल उचलला आणि धावत सुटले.