कानाचं मशीन

रेल्वेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बायको गेली. मुलगी बंगळुरूला. दौंडच्या घरात दिवस दिवस तोंड उघडायचं कारण उरलं नाही. तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला त्यांच्या सेवाभावी क्लबात ओढलं. दर गुरुवारी दुपारी एक वाजता स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये सभा व्हायची. राष्ट्रगीत, झालेल्या कामांचा अहवाल आणि मग जेवण. खरं सांगायचं तर मी जेवणासाठीच जायचो. आठवड्यात तेवढं एकच जेवण माणसांत बसून व्हायचं. बोलणी चालायची प्लॉटची, कारखान्याच्या निवडणुकीची, पोरांच्या लग्नांची. मी मान डोलवायचो.

एकदा क्लबानं केडगावला कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी शिबिर घेतलं. नावं लिहून घ्यायला मी बसलो होतो. ऐंशीच्या घरातली एक बाई एकटीच आली होती. कानात मशीन बसवल्याबरोबर तिनं दचकून मागे पाहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला.

महिन्याभरानं, लोक मशीन वापरतात का ते बघून यायचं काम निघालं. बाकीच्यांना सवड नव्हती, मला सवडच सवड. त्या बाईचं घर गावाबाहेर, उसाच्या कडेला. ती दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कान मोकळा.

मी ओरडून विचारलं, "मावशी, मशीन कुठंय?"

ती आत गेली, रुमालात बांधलेलं मशीन आणून माझ्या हातात ठेवलं. "न्या सायेब. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"बिघडलं का?"

"न्हाई वो, चांगलं हाय. आठ दिस लावलं. पंखा ऐकू येतो, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर त्यो ऐकू येतो. आधी वाटायचं, लोक बोलत असतील, मलाच ऐकू येत न्हाई. आता कळलं, कुणी बोलतच न्हाई."

मी मशीन तिच्याच हातात परत दिलं. "लावा," म्हटलं, "मी बोलतो."

तिनं लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. आता बोलायचं काय? शेवटी, मालगाडीवर गार्ड असताना हलत्या डब्यात स्टोव्हवर भात करायला गेलो आणि तो सगळा पायावर कसा सांडला, ते सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

पुढच्या सभेत मी हे सांगितलं. मग सेक्रेटरी हळूच म्हणाले, "म्हणजे मशीन वापरात आहे, असं लिहू ना?"

"लिहा," मी म्हणालो. माणसं वाईट नव्हती. दोनला सगळ्यांना आपापल्या कामावर पोचायचं होतं.

त्यानंतर गुरुवारी मी क्लबात न जाता केडगावची गाडी धरू लागलो. चार महिने गेलो. ती मेलेल्या बहिणीचं सांगायची, विकलेल्या म्हशीचं सांगायची. एके दिवशी मधेच म्हणाली, "दादा, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही."

क्लबात दोन वर्षं जात होतो, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिनं समजूत घातली नाही. "मंग आज हितंच दोन घास खावा," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दिवाळीनंतर गेलो तर दारात जीप उभी. तळेगाव ढमढेऱ्याहून तिची भाची न्यायला आली होती. म्हातारी पुढच्या सीटवर बसलेली, कानात मशीन.

"दादा, भाची घिऊन चाललीय. तिथं पोरं लई गलका करत्यात म्हनं," ती हसत म्हणाली.

"बरं झालं मावशी," मी म्हटलं, आणि ते खरंच बरं झालं होतं. जीप गेली. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून तिच्या कुलूपबंद दारापुढे तासभर बसून राहिलो.

पुढच्या गुरुवारी क्लबात गेलो. शेजारच्या खुर्चीवरच्या वकिलांनी विचारलं, "बरेच दिवस दिसला नाहीत?"

"गुडघे दुखत होते," मी म्हणालो.