गोदामातलं धनुष्य

"धनुष्याचा डॅमेज निम्मा कर. आज संध्याकाळपर्यंत," निखिल सर पुण्याहून फोनवर म्हणाले.

मी तेव्हा जळगाव जामोदला, चुलतभावाच्या घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो. मोबाईल गेममधल्या शस्त्रांचा तोल राखणं हे माझं काम. कोणत्या शस्त्रानं किती इजा व्हावी, म्हणजे त्याचा डॅमेज, तो मी ठरवतो. काही लोक गंमत म्हणून खेळतात, काही स्पर्धेत उतरतात. शस्त्र एकच, पण ते दोघांनाही पटावं लागतं.

धनुष्याचं गणित काही जुळत नव्हतं. स्पर्धेवाले म्हणायचे, "हे तर खेळणं आहे." साधे खेळाडू मात्र गेममधल्या एका ठिकाणी, कापसाच्या बंद पडलेल्या गोदामात, त्याच धनुष्यानं पटापट मरत होते. शस्त्र फार भारी आहे, अशी त्यांची तक्रार नव्हती. 'गोदामात कोणीतरी आहे,' असं ते लिहीत होते. एकमेकांना न ओळखणारे लोक, आणि वाक्य जवळजवळ तेच.

"सर, गोदामातल्या तक्रारींसाठी डॅमेज कमी केला तर रविवारच्या स्पर्धेत धनुष्य कोणीच उचलणार नाही."

"आणि नाही केला तर बाकीचे गेमच काढून टाकतील."

फोन ठेवला. वहिनी शिलाई मशीनवरून म्हणाल्या, "ते गोदाम व्हय ना, भाऊजी? मी नाही जात तिथं."

वहिनी दुपारी काम आटोपून हाच गेम खेळतात, हे मला माहीत नव्हतं.

"काऊन?"

"कोनी दिसत नाही, आयकू येत नाही, अन् मानूस पडते. तुमीच पाहा."

त्यांच्या जुन्या फोनवर मी खेळायला बसलो. संघातले आम्ही चौघं गोदामात शिरलो. पत्रे वाजत होते, कबुतरं फडफडत होती. पुढचा साथीदार चालता चालता कोसळला. मग दुसरा. तिसरा जागच्या जागी फिरून बघत होता, तोही पडला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. भर दुपारी माझ्या मानेवर काटा आला. पुढच्या क्षणी मी मेलो.

त्याच सामन्याचं आमच्या सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर हेडफोन लावून पाहिलं. फोनवर न ऐकू आलेली पावलं इथं स्पष्ट वाजत होती. दोरी ताणल्याची करकर, मग बाण. समोरच्या संघातला धनुष्यवाला आम्ही शिरल्यापासून आमच्या मागे चालत होता.

स्वस्त फोन एका वेळी मोजकेच आवाज वाजवू शकतो. जास्त झाले की आम्ही महत्त्वानुसार लावलेल्या यादीत खाली असलेले गाळतो. वारा आणि कबुतरं आम्ही यादीत वर ठेवली होती. पावलं आणि दोरी तळाशी. महागडे फोन वापरणाऱ्या स्पर्धेवाल्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी सरांना फोन केला. "डॅमेजला हात लावत नाही. आवाजांची यादी बदलतो, पावलं आणि दोरी वर घेतो."

"आणि चुकलास तर?"

"तर निम्मा करतो."

ते म्हणाले, "कर."

आठवडाभरात तक्रारी थांबल्या. स्पर्धाही धनुष्यासकट पार पडली. तेव्हापासून कोणत्याही शस्त्राचा आकडा बदलण्याआधी मी स्वस्तातल्या फोनवर एकदा मरून पाहतो.

वहिनींना विचारलं, "आता आवाज येतो ना?"

"येते नं."

"मग जाता गोदामात?"

"नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "आधी वाटे, भास असन. आता तं पक्कं मालूम हाय, मांगं कोनी हाय म्हनून."