‘ओन्ली’ कुठं बसलाय?

“कुठं बसलाय रे हा?”

अण्णांनी असं विचारलं की समजायचं, आपलं पत्र परत आलं. मान वर करायचे नाहीत. डाव्या हाताची करंगळी कागदावरच्या एका शब्दाखाली टेकवायची आणि दमलेल्या आवाजात विचारायचं, जणू न बोलावता कुणी घरात येऊन बसलंय. करंगळीखाली बहुतेक वेळा ‘ओन्ली’ हा शब्द असे, आणि तो तिथं बसवणारा मी असे.

सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत अण्णा हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली टाइपिस्ट. मॅट्रिक झालेला, लग्न झालेला, आणि आपल्याला इंग्रजी येतं अशी पक्की समजूत असलेला. ही समजूत माझ्या सासऱ्यांचीही होती. आमचं लग्न तिच्यावरच जमलं होतं. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात ती उतरवली. वॅगन आल्यावरच माल पाठवू, एवढंच मला एका व्यापाऱ्याला कळवायचं होतं. मी ‘ओन्ली’ पत्राच्या अगदी सुरुवातीला, ‘वुई’च्या आधी ठेवला. तिथं तो मला रुबाबदार वाटला.

“म्हणजे वॅगन आली की फक्त आपणच माल पाठवायचा,” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या गिरण्यांनी काय, हात जोडून बसायचं?”

मग त्यांनी तो शब्द उचलून ‘व्हेन’च्या आधी नेला. बाण काढताना त्यांचा हात फार सावकाश चाले.

व्याकरणाची नावं ते घेत नसत. म्हणत, “इफ, व्हेन, बिकॉज, ही दारं आहेत. आतलं घर तेच असतं रे. दारात कोण उभा आहे ते बघायचं. ‘इफ’च्या दारात ‘ओन्ली’ उभा असला की अट आली, ती पुरी केलीस तरच आत. ‘इव्हन’ असला की कसाही ये, दार उघडं. ‘जस्ट’ला ‘व्हेन’च्या दारात उभा केलास, तर पाहुण्याचं पाऊल अजून उंबऱ्यावरच आहे. एवढंच सांभाळ. बाकीचं इंग्रजी साहेब सांभाळतो.”

मला एवढंही सांभाळायचा कंटाळा. मी एक सोपी युक्ती काढली: मराठीत ‘च’ दिसला की इंग्रजीत ‘ओन्ली’ ठोकायचा. अण्णांना ती कळली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“आपला ‘च’ निम्म्या वेळा नुसता जोर असतो. त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस.”

मी ठेवला.

त्या वर्षी गिरणीत मोठा संप झाला आणि मोडला. साहेबांनी फर्मान काढलं की परत यायचं असेल त्यानं इंग्रजीत अर्ज करावा. मागावरच्या माणसांना इंग्रजी कुठून येणार? त्यांची घरात तेलुगू, बाजारात मराठी. ती सगळी अण्णांच्या ओट्यावर येऊन बसली. कचेरीतला माणूस संपवाल्यांचे अर्ज लिहितो हे साहेबांना कळलं असतं, तर अण्णांची नोकरी गेली असती. हे अण्णांना ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते दोन रविवार सकाळपासून लिहीत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दुसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला म्हणाले, “आता तू लिही. मला ओळी दिसेनात.”

मला काय, संधीच. मी मांडी घालून बसलो. पुढं नरसय्या होता, साखर पेठेतला विणकर. वीस वर्षं मागावर उभं राहून गुडघे गेलेला.

“काय लिहू?”

“लिवा की, माग न्हाय दिला तरी येतोच मी. झाडू द्या, पानी भरतो. घरात पाच तोंडं हायेत.”

“थोडक्यात सांग. साहेबाला वेळ नसतो.”

“मग एवढंच लिवा. माग न्हाय दिला तरी येतोच.”

‘तरी’ म्हणजे ‘इफ’. ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’. मी फर्डा अर्ज लिहिला. नरसय्यानं अंगठा उठवला, मला नमस्कार केला आणि मी तो घेतलासुद्धा. अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. वाचून दाखवू का, असं मी विचारलं नाही.

चार दिवसांनी अर्ज परत आला. साहेबांनी लाल पेन्सिलीनं कडेला ‘उद्धट’ अशा अर्थाचा शब्द लिहिला होता. नरसय्या संध्याकाळी अण्णांच्या ओट्यापाशी आला. मी तिथंच होतो. तो वर चढला नाही.

“अण्णा, मी काय वाईट बोल्लो काय? समद्यांना घेतलं. मलाच फाटकातनं हाकललं.”

अण्णांनी कागद नाकाशी नेला आणि बराच वेळ वाचला. मग करंगळी टेकवली. या खेपेला काही विचारलं नाही. मीच वाकून पाहिलं. ‘ओन्ली’ होता, ‘इफ’च्या अगदी दारात, जागेवर बरोबर बसलेला. अर्ज म्हणत होता: माग दिला नाहीत, तरच मी कामावर येईन.

तुम्हीच सांगा, संप मोडून बसलेल्या साहेबाला हे वाचून काय वाटेल?

“इथं ‘इव्हन’ हवा होता,” अण्णा म्हणाले. एवढंच. नरसय्याला म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही. उद्या भोंग्याला फाटकापाशी ये.”

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. माझं टेबल दाराशीच होतं, सगळं ऐकू येत होतं. हा माणूस अट घालत नाही, विनवतो आहे, हे अण्णांनी शांतपणे समजावलं. साहेबांनी विचारलं, हे लिहिलं कुणी?

माझी बोटं टाइपरायटरवर होती. उठून आत जायला तीन पावलं पुरली असती. मी कागदाची कड सरळ करत बसलो.

“हे माझ्या ओट्यावर लिहिलं गेलं,” अण्णा म्हणाले.

कर्मणी प्रयोगाचा त्यांना तिटकारा होता. त्यात माणूस लपतो म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी तो वापरला आणि मी त्यात मावलो.

नरसय्याला घेतलं. आधी झाडू मिळाला, काही महिन्यांनी माग. अण्णांना महिनाअखेर घरी बसायला सांगितलं. साहेब अगदीच कोरडे नव्हते. त्यांनी दाखला चांगला दिला. टाइप मीच केला. ‘हे केवळ दृष्टी अधू झाल्यामुळेच नोकरी सोडत आहेत’ असं इंग्रजीत होतं. ‘ओन्ली’ कुठं ठेवायचा हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. मी तो फार विचार करून ‘बिकॉज’च्या आधी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटतं.

सहीच्या आधी कागद अण्णांना दाखवायला नेला. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. त्यांनी कागद नाकाशी धरला, करंगळी फिरवत फिरवत एका शब्दाशी आणली.

“कुठं बसलाय रे हा?”

“‘बिकॉज’च्या आधी, अण्णा. चुकलं का?”

“नाही. जागा बरोबर आहे.”

मग त्यांनी लेखणी बुडवली आणि तो शब्द खोडला. बाण काढला नाही, दुसरीकडं कुठं नेला नाही. एक आडवी रेघ, सावकाश.

“पण खरं नाही ते,” म्हणाले. “परत टाइप कर.”

मी परत टाइप केला. साहेबांनी सही केली. एक शब्द कमी झाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. माफीचं राहूनच गेलं. अण्णा सांगोल्याला लेकीकडं गेले, आणि पुढं तिकडून पत्र आलं ते लेकीच्या हातचं, मराठीत, चार ओळींचं. अण्णा गेल्याचं.

ते पत्र येण्याआधीची एक गोष्ट. नरसय्या एकदा फाटकात भेटला. खांद्यावर सुताचे तुकडे, चेहरा दमलेला.

“अण्णा दिसंनात कुटं. कशानं गेले ओ काम सोडून?”

“डोळ्यांमुळं,” मी म्हणालो.

‘च’ लावला नाही. तेवढं शिकलो होतो.