टपालाच्या खास शिक्क्याची फिर्याद

नोकरीतल्या बऱ्याच फिर्यादी आता डोक्यात एकमेकींत मिसळल्यात. मुलुंडची ती एक मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. ऐंशीचं दशक होतं. मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, असा माझा पक्का समज होता.

दसऱ्याच्या सकाळी हद्दीतल्या एका टपाल कार्यालयाचे पोस्टमास्तर घामाघूम होऊन ठाण्यात आले. इथल्याच एका अनाथाश्रमाच्या गौरवार्थ खात्याने तिकीट काढलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आश्रमात त्याचं प्रकाशन होतं. त्या एका दिवसापुरता तिकिटांवर मारायचा पितळी शिक्का खास बनवून आला होता. आदल्या दुपारी तो लाकडी पेटीतून आला, एका कारकुनाने सही करून घेतला आणि संध्याकाळी पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुट्टी असूनही तयारीसाठी सकाळी कपाट उघडलं, तर पेटी रिकामी!

"किल्ली कुणाकडे होती?"

"त्याच्याचकडे, साहेब. कुलूप शाबूत आहे." पोस्टमास्तर चाचरत म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो. त्याच आश्रमात वाढलाय. पुढच्या महिन्यात नोकरी कायम व्हायची आहे त्याची."

फिर्याद लिहून होते न होते तोच फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "तो पोस्टातला क्लार्क काल भरलेली पिशवी घेऊन मागच्या दाराने सटकला. बघा जरा." तिकिटांच्या शौकिनांत अशा शिक्क्याला गिऱ्हाईक मिळतं, हे मला ठाऊक होतं. मी लगेच त्याला उचलून आणला.

पंचविशीतला, सडपातळ, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली. मी आवाज चढवला. "पिशवीत काय होतं रे?"

"प्रसाद, साहेब. ऑफिसातल्या पूजेचा उरलेला. आश्रमातल्या पोरांना नेला. विचारलं नाही कुणाला, एवढं चुकलं."

"आणि शिक्का?"

"पेटी टेबलावर होती. जाताना उचलून कपाटात ठेवली. उघडून बघितली नाही, आईशपथ."

"आई आहे तुला?" मी म्हणालो. आज ते लिहितानाही लाज वाटते.

घरी कुणाला कळवायचं, असं हवालदाराने विचारलं, तेव्हा तो इतकंच म्हणाला, "आश्रमातल्या ताईंना सांगू नका. उद्या त्यांचा मोठा दिवस आहे." चोराला तोंड लपवायचंय, असा अर्थ मी काढला. मागे धावून येणारं कुणी नव्हतं, वकील नव्हता, साधी चौकशी करणारा शेजारीही नव्हता. अशा माणसाला आत टाकायला फार विचार करावा लागत नाही.

"बेड्या आण," मी हवालदाराला म्हणालो.

तो जागचा हलेना. "साहेब, बेड्या कालपासून पूजेत आहेत. उत्तरपूजा झाल्याबिगर हात कसा लावू?"

खंडेनवमीला आम्ही बंदुका, लाठ्या, बेड्या सगळं मांडून पूजतो. मी त्याच्यावर खेकसणार होतो, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. टपालवाल्यांची हत्यारं कोणती?

जीप काढली. कार्यालयाच्या कोपऱ्यात पाटावर झेंडूचा ढीग होता, वरून शाल पांघरलेली. पोस्टमास्तर म्हणाले, "भांडुपला राहणाऱ्या आमच्या पॅकरने मांडलीय पूजा. उद्यापर्यंत हलवायची नाही, असा त्याचा दंडक आहे." मी बूट काढले, नमस्कार केला आणि फुलांत हात घातला. तराजू लागला, लाखेची पळी लागली, रोजचे शिक्के लागले आणि अगदी खाली, हळदकुंकू लावलेला नवाकोरा पितळी शिक्का!

मी मोठ्याने हसलो. छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पॅकरला भांडुपहून बोलावलं, तर तो मालवणी म्हातारा उलट आम्हालाच म्हणाला, "नवो शिक्को तो, साहेबांनू. उद्या तेचो पयलो दिवस. तेका पूजेतसून कसो वगळूचो?" पेटी तेवढी त्याने टेबलावर परत ठेवली होती. सकाळचा तो फोन कुणाचा, ते मात्र कधीच कळलं नाही.

ठाण्यात येऊन मी कारकुनाला म्हणालो, "चुकलो रे मी. जा घरी."

तो उठला, पण गेला नाही. "साहेब, तुमच्या डायरीत माझं नाव लागलंय ना? ऑफिसात विचारलं तर?"

ठाण्याची डायरी खोडता येत नाही. मी त्या नोंदीखाली लिहिलं, 'वस्तू कार्यालयातच मिळाली. सदर इसम निर्दोष. संशय घेण्यात चूक माझी.' खाली सही केली. तिची नक्कल पोस्टमास्तरांना पाठवली. सीनियर साहेबांनी मला उभं-आडवं झापलं. कारकून पुढच्या महिन्यात कायम झाला.

पुढे ठाण्यात एकटा माणूस आणला की मी आधी विचारायचो, याच्यामागे चार माणसं उभी असती तर मी याला इतक्या झटपट आणला असता का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच यायचं. मग मी त्याला खुर्ची द्यायला सांगायचो.