भूतबंगल्यात राहिलेला बबलू

भूतबंगल्यातून बाहेर आलो तेव्हा मी एका मुलाचा हात घट्ट धरलेला होता. फक्त तो मुलगा माझा नव्हता.

(हेच वाक्य मी बायकोला निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिलं आहे. कुठल्याही प्रकारे ते बरं वाटत नाही.)

तेव्हा आम्ही भिलाईत सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी स्टील प्लांटमध्ये, मिलच्या ऑफिसात कामाला. थंडीत टाउनशिपच्या मैदानावर मीना बाजार लागायचा, आणि तो लागला की आमच्या पोरांचं जेवणावरून लक्ष उडायचं. छबी आठ वर्षांची, बबलू पाच. एका रविवारी आम्ही चौघं एकाच स्कूटरवर निघालो. आमच्यासारखीच सगळी भिलाई निघाली होती, वर शेजारचं दुर्गही आलं होतं. गर्दी एवढी, की रुमाल काढायला मी खिशात हात घातला तो शेजारच्याच्या खिशात गेला. मालतीनं, म्हणजे बायकोनं, फाटकातच बजावलं होतं की काही झालं तरी पोरांचा हात सोडायचा नाही.

छबीला आकाशपाळण्यात बसायचं होतं. मला स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही घाम फुटतो. म्हणून मी मोठ्या मनानं म्हटलं, तुम्ही दोघी पाळण्यात बसा, मी बबलूला भूतबंगला दाखवून आणतो. भूतबंगला जमिनीवर होता, हा त्याचा मला फार मोठा गुण वाटला.

"अवो, लहान हाय तो," मालती म्हणाली. "भ्याला म्हंजे?"

"मी हाव ना सोबत."

भूतबंगला म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. बाहेर लाल जिभेचा राक्षस रंगवलेला, आत मिट्ट काळोख. पुढे माणसं, मागे माणसं, आणि मधून कुणीतरी दोऱ्या सोडून ठेवलेल्या, त्या गालाला लागायच्या. मी बबलूला सगळं समजावून सांगत होतो. हा सांगाडा लाकडाचा आहे, हे डोळे म्हणजे लाल बल्ब आहेत, ही किंकाळी टेपवरची आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, तुमी कावून थरथरून राहिले?"

थंडी आहे, मी सांगितलं.

शेवटच्या वळणावर पडद्याआडून एक गार हात माझ्या मानेवर पडला आणि कानाशी कुणीतरी खदखदून हसलं. लगेच एक भयंकर किंकाळी आली. ही टेपवरची नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. ती माझी आहे, हे जरा उशिरा लक्षात आलं. मागची माणसं माझ्या किंकाळीला घाबरून पुढे रेटली गेली, पुढची पळाली, त्या चेंगराचेंगरीत बबलूचा हात सुटला. मी अंधारात चाचपडलो, एक लहानसा हात लागला, तो पकडला आणि उजेडात येईपर्यंत धावलो.

"झालं रे बेटा, आता भ्यायचं नाही," मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं गुळगुळीत लागलं. बबलूला तर दाट केस होते. खाली पाहिलं, तर एक तुळतुळीत टक्कल केलेला मुलगा ऊस चोखत माझ्याकडे पाहत होता. त्याची काहीच तक्रार नव्हती.

त्याच्या आईची होती. ती पाठोपाठ बाहेर आली आणि तिनं माझी कॉलरच धरली. "कहाँ लेगत हस गा मोर लइका ला?" माझ्या पोराला कुठे नेतोस, म्हणे. भोवती माणसं जमली. एकजण बाही सरसावू लागला. माझं स्वतःचं पोरगं आत राहिलंय हे मी कसंबसं सांगितलं, तशी तिनं कॉलर सोडली आणि मलाच रागावली, की मग इथे उभा काय आहेस, आत जा.

तेवढ्यात मालती आणि छबी पाळण्यातून उतरून आल्या. "बबलू कुठी हाय?" तिनं विचारलं. मी बोटानं भूतबंगला दाखवला. ती तिकीटवाल्याला बाजूला सारून सरळ आत गेली. मी मागोमाग. तिनं प्रत्येक पडदा उचलून पाहिला, सांगाडा हलवून पाहिला. बबलू नव्हता.

आम्ही बाहेर आलो. पलीकडे मौत का कुआँच्या लाकडी विहिरीत मोटारसायकल घरघरत होती, जिकडे पाहावं तिकडे डोकीच डोकी, आणि त्यातलं प्रत्येक लहान डोकं मला क्षणभर बबलूचं वाटत होतं. मालतीनं छबीला एवढं घट्ट धरलं होतं की छबी रडायला लागली.

मग भोंग्यावरचं गाणं बंद झालं. "एक बच्चा मिला है। नाम बबलू। पापा का नाम बाबा बताता है। भूतबंगले में जो भाईसाहब सबसे जोर से चिल्लाए थे, वो आकर अपना बच्चा ले जाएँ।"

मी असा धावलो की आयुष्यात तसा कधी धावलो नाही. मंडपात, माइकसमोर, एक भूत खुर्चीवर बसलं होतं. त्याच्या मांडीवर बबलू, भुताचा मुखवटा घालून. भुतानं त्याला मागच्या दारानं आणलं होतं, त्याला शेंगदाणेही दिले होते. पण मीना बाजारच्या मॅनेजरच्या कानावर नुकतीच पोरगं पळवणाऱ्याची बातमी गेली होती. तो पोरगं पळवणारा म्हणजे मीच. त्यानं बबलूला विचारलं, हे तुझे पापा का? बबलूनं ओळखलं, की हो म्हटलं तर घरी जावं लागेल.

"मालूम नहीं," तो म्हणाला.

मी प्लांटचा गेटपास काढून दाखवला. मॅनेजरनं फोटो पाहिला आणि म्हणाला, यात बच्चा कुठे आहे? भूत बिचारं मदतीला आलं. "चिल्लाके दिखाइए साहब, मैं आवाज पहचान लूँगा।"

एवढ्या लोकांसमोर मी मालतीकडे पाहिलं. ती धापा टाकत नुकतीच पोचली होती.

"वरडा," ती म्हणाली. "आता लाजून काय राहिले?"

मी ओरडलो. इतक्या वेळची सगळी भीती त्यात होती, त्यामुळे फार प्रयत्न करावा लागला नाही. भूत खुर्चीसकट मागे सरकलं. "यही हैं," ते म्हणालं, आणि बबलू माझ्या हातात दिला. मी त्याला मुखवट्यासकट छातीशी धरलं, मालती रडता रडता हसायला लागली. समोरचा माइक चालूच होता, हे मला छबीनं दाखवलं.

सोमवारी ऑफिसात कुणी काही बोललं नाही. फक्त दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून अगदी गंभीरपणे विचारलं, की शिफ्टचा भोंगा दुरुस्तीला काढायचा आहे, तेवढे दिवस तुम्ही सांभाळून घ्याल का?